शेणाचं टेंडर

काशिनाथ वानखडे बायकोचं जुनं लुगडं खांद्यावर घेऊन चंद्रीची धार काढत होता. त्याशिवाय चंद्री पान्हा सोडत नसे. शशिकला जाऊन चार महिने झाले होते, पण गाईला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

क्वार्टरच्या मागचं फाटक वाजलं. इस्टेट ऑफिसचे तिवारी आत आले. हातात नोटीस, मागे दोर घेतलेली दोन माणसं, रस्त्यावर उघडा ट्रक.

"वानखडेजी, तीन नोटिस दे चुके. सरकारी क्वार्टर में गाय नहीं रख सकते. आज दोनों कांजी हाउस जाएँगी."

"घरवाली की हैं, साहब."

"मालूम है. भाभीजी के हाथ का खरवस मैंने भी खाया है. पर ऊपर से ऑर्डर है."

कोंडवाड्यात न्यायला एका माणसाने दुसऱ्या गाईच्या, ठमीच्या, गळ्यात दोर टाकलासुद्धा. काशिनाथ धावत गेला आणि दोराचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. कारखान्याच्या प्रयोगशाळेतले तरुण इंजिनियर गोगटे उतरले. हातात नवी कोरी बादली होती.

"काका, शेण आहे का हो?"

शेणापासून वीज करणाऱ्या गोगट्यांच्या जनरेटरचा फोटो गेल्या महिन्यात पेपरात आला होता. बारा दिवसांनी दिल्लीची मंडळी तो बघायला येणार होती. जनरेटरची शेणाची टाकी चार दिवसांपासून उपाशी होती.

"तुम्ही तर टेंडर काढलं होतं, साहेब."

"एकच आलं. नियमाने तीन लागतात."

"मग फुकट घ्या माझ्याकडून."

"फुकट घ्यायला दिल्लीची मंजुरी लागते, काका."

तिवारी हसले. "आदमी चाँद पर हो आया, गोगटे साहब. आप गोबर पर अटके हैं."

"आणि जिथे गोबर आहे तिथल्या गाई तुम्ही नेताय!" गोगटे चिडून मराठीतच बोलले.

काशिनाथ बावीस वर्षं कारखान्यात टर्नर होता. त्याच्या मशीन शॉपमध्ये एक लेथ भर रस्त्यात तिरकी उभी होती. बसवलेलं यंत्र हलवायचं तर चीफ इंजिनियरची सही लागते, म्हणून नऊ वर्षं सगळे तिला वळसा घालून जात होते.

"साहेब, तुमच्या प्रकल्पात यंत्रं किती?"

"एकच. जनरेटर."

"तीन लिहा."

गोगट्यांनी दोन्ही गाईंकडे पाहिलं. मग त्यांनी तिवारींच्या हातातली नोटीस घेतली, स्कूटरच्या सीटवर पालथी ठेवली आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: प्रकल्पाची आणखी यंत्रं, दोन, जागेवर बसवलेली. खाली सही केली. काशिनाथने खिशातल्या खडूने ठमीच्या पाठीवर दोनचा आकडा काढला, चंद्रीच्या पाठीवर तीनचा.

"अब हिलाओ," तो म्हणाला. "चीफ साहब की सही लाओ और ले जाओ."

तिवारींनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग माणसाला खुणेनेच दोर काढायला सांगितला.

"एक बात बताओ, वानखडेजी. अमरीका में गाय सेठ की. रूस में सरकार की. ये किसकी हुई?"

"गाय मेरी. गोबर सरकार का."

"इसी को मिश्रित अर्थव्यवस्था कहते हैं," गोगटे म्हणाले आणि त्यांनी बादली तिवारींच्या हातात दिली. "पकड़िए."

"मैं क्यों?"

"माल सरकारी है. ज़मीन आपके विभाग की. ज़मीन पर गिरा, तो जवाब आपको देना पड़ेगा."

शेजारच्या अंगणांतून बायका डोकावू लागल्या होत्या. ड्रायव्हरने ट्रक बंद केला आणि तोही बघायला आला. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, तरी कुणी जागचं हललं नाही.

तिवारी दोन्ही हातांनी बादली धरून ठमीच्या मागे उभे राहिले. ठमी रवंथ करत होती. तिला कसलीच घाई नव्हती.