दुखरा गुडघा

“सर, बॅटला लागला होता हो चेंडू...”

नव्याण्णववर खेळणाऱ्या त्या नवख्या फलंदाजाचा दबका आवाज पंचांच्या कानांतून तीस वर्षांत गेला नव्हता. चेंडू पायाला लागला असं ठरवून त्यांनी गुडघा थोपटत लेगबायची खूण केली, आणि ती धाव अवांतरात गेली. पुढच्या षटकात त्याचा त्रिफळा उडाला. पुन्हा कसोटी काही त्याच्या वाट्याला आली नाही.

आज पेपरात त्याच्या निधनाची चौकट होती : कसोटी सामने एक, सर्वोच्च धावा नव्याण्णव. वाचता वाचता पंचांचा हात गुडघ्यावर गेला आणि थोपटत राहिला, रोज दहादा जायचा तसाच.

“आणा इकडे तो पाय!” तेलाची वाटी घेऊन बायको शेजारी टेकली. “तीस वर्षं तेल जिरवतेय. एवढ्या तेलात दगडसुद्धा मऊ झाला असता, पण तुमचा गुडघा काही ऐकत नाही.”

त्यांनी तिचा हात धरला.



“गुडघा कधी दुखलाच नाही गं. खूण करण्याआधीच बॅटचा आवाज ऐकला होता मी, तरी केली... शतक होतं त्याचं.”