शेवटच्या पानांची पेटी

नर्मदाबाई पेटीसमोर उभ्या होत्या आणि तात्या किल्ली देत नव्हते.

"बाई, दुसरं काहीही मागा," ग्रंथपाल तात्या म्हणाले. "भिंतीवरचं घड्याळ मागा."

"एकोणीस वर्षं मी खुनी कोण ते न कळता जगतेय. घड्याळ घेऊन काय करू?"

देवासच्या त्या मराठी वाचनालयाची रीतच तशी होती. रहस्यकथा आली की तात्या तिचं शेवटचं पान कापून लाकडी पेटीत ठेवत. सभासदानं पुस्तक परत केलं की तात्या आतल्या खोलीत जात आणि पडद्याआडून शेवट वाचून दाखवत. पुस्तकं कशी वेळेवर परत येत! शेवट बाहेर फोडणाऱ्याचं नाव मात्र कापलं जाई. म्हणून घरचे पुरुष शेवट ऐकून येत, पण ब्र काढत नसत.

बायका सभासद नव्हत्या. त्यांची पुस्तकं शिपाई गणोजी आणी आणि नेई. पुरुष कचेरीत गेले की नर्मदाबाईंच्या ओसरीवर शेजारणी जमत. सुपारी कातरता कातरता नर्मदाबाई खुनी ठरवत. कधी आत्याबाई फासावर जाई, कधी माळी. गणोजी पायरीवर चहा पीत बसे. "तो फिर माईसाब, खुनी कोण निघाला?" असं विचारल्याशिवाय तो पुस्तक उचलत नसे.

पंचावन्न साली वाचनालयानं उत्तम अनुवादित रहस्यकथेला चांदीचा पेला जाहीर केला. सत्तावीस पुस्तकांतून पाच अंतिम फेरीत येणार होती. ती पाच जो आधी अचूक ओळखील, त्याची एक मागणी पुरी होणार होती. गावभर अंदाज सुरू झाले. मास्तरांनी पुस्तकं तोलली, जोशांनी कुंडली मांडली. नर्मदाबाईंचा ठोकताळा साधा होता. ज्या पुस्तकापायी चुलीवरचा भात लागला, ते चांगलं. भात पाचदा लागला होता. त्यांनी ती पाच नावं गणोजीबरोबर धाडली.

पाचही बरोबर निघाली. बाकी कुणाची दोनाच्या वर गेली नाहीत. आज त्या पहिल्यांदाच वाचनालयाची पायरी चढल्या होत्या.

परीक्षक शिवाजीराव वकिलांनी नुकताच निकाल वाचला होता. "पेला 'लंडनचा खून' या पुस्तकाला! सुरा कुठं, तर आत्याबाईच्या लोणच्याच्या बरणीत! इंग्रज लेखकाला सुचलं तरी कसं!"

बरणी नर्मदाबाईंनीही ओसरीवर ओळखली होती. अगदी तीच! आता बाकीचे शेवटही ताडून पाहायचे होते.

"क्यों भिया तात्या, शब्द दिलाय ना?" शिवाजीराव म्हणाले. "उघडा."

तात्यांनी पेटी उघडली. आत वाळवीची माती होती. पान एकही नव्हतं.

"छत्तीस सालापासून," तात्या पुटपुटले. "पान ठेवलं की आठ दिवसांत फस्त."

"मग पडद्याआड तुम्ही वाचत काय होता?" शिवाजीरावांनी विचारलं.

तात्यांनी गणोजीकडे पाहिलं. गणोजीनं नर्मदाबाईंकडे.

मग नर्मदाबाईंनी पेटीचं झाकण हलकेच लावलं आणि पदर सावरला.

"तात्या, त्या दुसऱ्या पुस्तकातल्या माळ्याला तेवढं सोडून द्या," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, म्हणून त्याला फाशी दिली."