केरात गेलेली स्प्रिंग

"कोणी हलायचं नाही," बाबा म्हणाले.

चिंगीचा एक पाय खोलीत, एक अजून बाहेर, हातात बाबांचा चहा. ती तशीच बगळ्यासारखी उभी राहिली.

चिमट्यातून स्प्रिंग उडाली होती. नखाच्या कडेएवढी वाकडी पोलादी तार. चावी भरताना चाकाला उलटं फिरू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. पण ती नसली की घड्याळ म्हणजे नुसतं कडं.

"कुठल्या बाजूला गेली?"

"ते कळलं असतं तर तुझा पुतळा कशाला केला असता?"

टेबलावर अप्पांचं घड्याळ उघडं पडलं होतं. अप्पा म्हणजे आईचे वडील. लग्न नवं असताना जावईबापूंनी ते 'दोन मिनिटांचं काम' म्हणून उघडलं आणि त्याची स्प्रिंग अशीच उडवली. बनवणारा कारखाना तोवर बंद पडलेला. मग बाबा त्याच जातीची बंद घड्याळं आणू लागले, एकातली तरी स्प्रिंग कामाला येईल म्हणून. पण त्या अख्ख्या जातीचं दुखणं एकच. जे उघडावं त्यात नेमकी तीच तुटलेली. कपाट भरलं, पाहुणे "काय छंद आहे हो" म्हणू लागले, आणि त्यातलं एकही घड्याळ टिक म्हणेना.

परवा आलेल्या घड्याळात मात्र ती अखंड निघाली. बाबांनी सकाळी ती घासून लखलखीत केली. अप्पांचं घड्याळ साफ करून, तेल देऊन तयार ठेवलं. आणि आता हे.

चिंगीने चहा दाराबाहेर ठेवला आणि लोहचुंबकाला दोरा बांधला. बाबा टॉर्च आडवी धरून रांगायला लागले. आवाज ऐकून आई आली, पण दारातच थांबली.

"माझं नाव घ्यायच्या आत सांगते, मी आत आलेले नाही."

"अगं, तुला कोण काय म्हणालं?"

"अजून नाही."

या खोलीत झाडू येत नसे. पहिली स्प्रिंग हिने केरात घालवली, असं बाबांचं म्हणणं. कपाट दाखवताना प्रत्येक पाहुण्याला ते सांगायचे, "हिने बापाचं घड्याळ केरात घातलं, आणि मी ते अजून उपसतोय." पाहुणे हसायचे. आईसुद्धा हसायची. मग स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात लागायची.

टेबलाखाली काही नव्हतं. कपाटाखाली फक्त धूळ, तीही भरपूर. चिंगी सरकत सरकत पार खिडकीपर्यंत पोचली. तिथे फरशी आणि भिंत यांच्यात बोटभर फट होती. तिने लोहचुंबक आत सोडलं, हलवलं, वर ओढलं. एक टाचणी, एक केसांची पिन, आणि पिनेला चिकटलेली वाकडी तार.

"मिळाली," चिंगी म्हणाली, आणि डोकं खिडकीला आपटलं तरी हसत राहिली.

बाबांनी ती पांढऱ्या कागदावर ठेवली. डोळ्याला भिंग लावलं.

"ही काळी कशी पडली?"

"अहो," आई दारातूनच म्हणाली, "तुमच्या बाहीवर काय चमकतंय?"

स्वेटरच्या दुमडीत सकाळची लखलखीत स्प्रिंग आरामात बसली होती.

आता कागदावर दोन होत्या. एक चकचकीत, एक काळवंडलेली. दोन्ही अखंड. चिंगीला आधी मजा वाटली, मग कोणाकडे बघावं ते कळेना.

"तेव्हा टेबल खिडकीपाशी होतं," आई म्हणाली.

बाबांनी भिंग काढलं नाही.

"मी त्या दिवशी कचऱ्याचा डबा पेपरवर उलटा केला होता. सगळा चिवडून बघितला. चहाचा चोथासुद्धा पाण्यात धुतला."

"मग सांगायचं ना."

"सांगितलं होतं."

बाबांनी चिमटा उचलला आणि काळी स्प्रिंग धरली.

"बाबा, चकचकीत बसवा ना. ही किती जुनी आहे."

"ही त्यातलीच आहे."

या वेळी त्यांनी घड्याळ, चिमटा आणि दोन्ही हात एका पारदर्शक पिशवीत घातले, म्हणजे उडाली तरी आतच राहावी.

"हे आधी का नाही सुचलं?" चिंगी म्हणाली.

"सुचलं असतं तर ही सापडली नसती," आई म्हणाली.

स्प्रिंग बसली. बाबांनी चावी हळूहळू भरली. चाक उलटं फिरलं नाही. त्यांनी घड्याळ स्वतःच्या कानाला लावलं नाही, तसेच उठून दाराशी गेले आणि आईच्या कानाशी धरलं.

आईने डोळे मिटले.

"अप्पांच्या हातावर डोकं ठेवून झोपायचे मी. तेव्हा हे असंच कानाखाली चालायचं." तिने घड्याळ कानाशी घट्ट धरलं. "मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांच्या हातातून आवाज येतो."

"ऐक ना," बाबा म्हणाले, "मी इतकी वर्षं..."

"मला नको. पाहुणे आले की त्यांना सांगा."

तिने घड्याळ मनगटात घातलं. ते सरकून पार कोपराकडे गेलं. ती आत गेली आणि झाडू घेऊन आली. दारात येऊन थांबली.

"काढू केर?"

बाबा खुर्चीत बसले आणि मुकाट्याने दोन्ही पाय वर घेतले.