उजव्या कडेला कोपर

“कोपर,” नापासकर म्हणाले.

“काय?”

“तुझं कोपर आलंय. उजव्या कडेला. परत नापास.”

बायकोनं हातातलं फडकं खाली न ठेवता कॉम्प्युटरकडे पाहिलं. टेबलावर सकाळचं कोवळं ऊन, स्टीलची किटली, दोन कप आणि उजव्या कडेला, खरंच की, एक कोपर. फोटो विकणाऱ्या साइटच्या परीक्षकानं खाली कारण लिहिलं होतं : चौकटीत अनावश्यक घटक.

“इतकी वर्षं संसार केला,” ती म्हणाली, “आणि मी कोण ते आज कळलं.”

नापासकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते कपबशांच्या कारखान्यात तपासणीला होते. पट्ट्यावरून येणारा कप उचलायचा, उजेडात फिरवायचा, खोट दिसली की लाल चिकटपट्टी लावून बाजूला ठेवायचा. हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत इतक्या निष्ठेनं केलं, की कामगारांनी त्यांना नवं आडनाव देऊन टाकलं. बाजूला ठेवलेले कप कामगारांना स्वस्तात मिळत. त्यामुळे त्यांच्या घरात एकाही कपाचा कान सरळ नव्हता.

“मला बरं पास केलंत,” ती म्हणायची.

“तेव्हा मी शिकाऊ होतो,” ते म्हणायचे.

विनोद लग्नाइतकाच जुना होता आणि तितकाच टिकाऊ.

निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला. आपला एक तरी फोटो त्या साइटवर लागावा, एवढीच इच्छा. साइट नाकारायची, पण दरवेळी कारण द्यायची, आणि ती शिस्त त्यांना आवडायची. निर्णयाविरुद्ध दाद मागायची सोयही होती. त्यांनी ती कधी वापरली नाही. “तपासणाऱ्याशी वाद घालायचा नसतो,” ते म्हणत. “कपानं माझ्याशी कधी घातला?”

कारण बहुतेक वेळा एकच असायचं, फक्त वेश बदलून यायचं. भिंतीवर सावली. किटलीत व्यक्तीचं प्रतिबिंब. किटलीत आपण न दिसता फोटो कुठून काढायचा, हे नापासकरांनी महिनाभरात शिकून घेतलं होतं. तिला ते शिकायचं काही कारण नव्हतं. ती चहा करत होती. एकदा तिचा अर्धा चेहरा आला, तेव्हा परीक्षकानं लिहिलं : ओळखू येणारी व्यक्ती, लेखी परवानगी जोडलेली नाही.

“जरा बाजूला हो ना गं.”

“अहो, हे स्वयंपाकघर आहे. मी कुठे जाऊ, गच्चीत?”

“मग परवानगीवर सही तरी कर.”

“करते की. पण मग आख्खी घ्या मला. केस विंचरून समोर बसते. कोपर काय दाखवताय जगाला?”

“घेऊ. उजेड चांगला असेल तेव्हा.”

उजेड तसा रोजच चांगला असायचा. तो किटलीवर खर्च व्हायचा.

ती गेली एका साध्या सकाळी, बोलता बोलता. साइट निदान कारण तरी कळवायची.

“बाबा, भिंतीवर लावायला आईचा एक चांगला फोटो द्या,” लेक म्हणाली. “तुम्ही तर एवढे काढता.”

नापासकरांनी नाकारलेले फोटो उघडले. त्यांत ती जिथे तिथे होती. कोपर होतं. सावली होती. साखरेच्या डब्याकडे गेलेली चार बोटं होती. किटलीच्या पोटात ती बोटभर उंचीची, वाकडी झालेली, कशाला तरी हसत उभी होती. आख्खी कुठेच नव्हती. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात आपण पाकीटमार दिसतो, असं तिचं स्वतःचंच मत होतं.

पुढे बरेच दिवस कॅमेरा कपाटात पडून राहिला. मग एका सकाळी सवयीनं चहाचे दोन कप भरले गेले. ऊन टेबलावर येऊन थांबलं होतं. दुसरा कप मोरीत ओतायचा, तर त्याआधी हाताला काहीतरी काम हवं, म्हणून त्यांनी फोटो काढला आणि पाठवून दिला.

दुपारपर्यंत उत्तर आलं. अभिनंदन! फोटो स्वीकारला आहे. चौकट स्वच्छ. जाहिरातीच्या मजकुरासाठी भरपूर मोकळी जागा.

“बाबा! जमलं की हो शेवटी!” लेक फोनवर ओरडलीच.

“हो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी फोटो मोठा केला आणि कप उजेडात फिरवावा तसा कडेकडेनं तपासला. वेळ घेऊन. त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दाद मागायचं बटण दाबलं आणि दोन बोटांनी टाइप केलं :

“परीक्षक महोदय, आपल्या नजरचुकीनं सदोष फोटो पास झाला आहे. उजव्या कडेला कोपर नाही. भिंतीवर सावली नाही. किटलीत कोणीही नाही. कृपया नापास करावा.”

या खेपेला उत्तर यायला वेळ लागला. परीक्षकानं काम मन लावून केलं असावं.

“फोटो पुन्हा बारकाईनं तपासला. त्यात कसलीही उणीव आढळली नाही.”