डमी उमेदवार

नाव मागे घ्यायची वेळ टळली तेव्हा भय्यासाहेब टावर चौकात कचोरी खात होते. फोन बंद ठेवून. मुद्दाम.

काम काय होतं, तर निवडणूक कचेरीत जाऊन एक सही करायची. बस. त्यांची पत्नी विनोदिनी वॉर्डाची पार्षद, म्हणजे नगरसेविका, आणि यंदा पुन्हा उभी. तिचा फॉर्म काही कारणानं बाद झालाच तर घरातलं दुसरं माणूस हाताशी असावं, म्हणून यांचा डमी फॉर्म भरलेला. पहिला मंजूर झाला की दुसरा मागे घ्यायचा, ही तर सगळ्याच उमेदवारांची रीत. विनोदिनीचा मंजूर झाला. यांनी आपला मागे घेतलाच नाही. आता बायकोविरुद्ध नवरा! उज्जैनला चघळायला आणखी काय पाहिजे?

पोटदुखी जुनी होती. मागच्या खेपेला वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, तेव्हा भय्यासाहेबांनीच तिला उभं केलं होतं. सही तिची, कारभार यांचा. पोस्टरवर फोटोसुद्धा यांचाच मोठा. लोक यांनाच 'पार्षदजी' म्हणत आणि हे खुशाल मान डोलवत. मग यांना कावीळ झाली, चांगली आडवं करणारी. नाइलाजानं विनोदिनी नगर निगमात जायला लागली, आणि बाई जी जायला लागली ती लागलीच. गटारं उपसली गेली. मागच्या गल्लीत नळ आले. आपण असतो तर ते नळ काही आले नसते, हे भय्यासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. जळफळाट होता तो त्याचाच.

बरे होऊन उठले तर घरच्या फोनवर, "भाभीजी को दीजिए." राम घाटावर कसलंसं उद्घाटन, नारळ तिनं वाढवला आणि हे तिची पर्स धरून उभे. फ्रीगंजातल्या एका कापडवाल्यानं तर कहर केला. यांना निरखून बघत म्हणाला, "आप भाभीजी के मिस्टर हैं ना?" मिस्टर! त्या दिवशी यांना जेवण गेलं नाही. यंदा वॉर्ड खुला झाला, तेव्हा तिकीट आपल्याशिवाय कुणाला मिळणार, अशा थाटात ते कुर्ते शिवायला टाकून आले. पक्षानं तिकीट भाभीजींनाच दिलं.

"जिजाजी, हे काय करून बसलात?" विनोदिनीचा भाऊ प्रसाद घरात शिरता शिरताच ओरडला. "पूरे शहर में हँसी हो रही है!"

भय्यासाहेब त्याच्याकडे बघतच नव्हते. ते विनोदिनीकडे बघत होते. ती भांडेल, रडेल, मग आपणही मनातलं सगळं एकदाचं ऐकवू, अशी त्यांची जय्यत तयारी होती. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "उभं राहायचं होतं तर सरळ सांगायचंत हो. डमी कशाला म्हणवून घेतलंत?"

यांना निशाणी मिळाली शिट्टी. चार घरं हिंडले. लोकांनी चहा पाजला, बसा म्हटलं, आणि भाभीजींना सांगा म्हणून आपापल्या तक्रारी यांच्या गळ्यात घातल्या. पाचव्या घरी हे गेलेच नाहीत. तिकडे विनोदिनीला दारोदार लोक डोळे मिचकावून विचारत, "भाईसाहब भी खड़े हैं?"

"खड़े हैं न," ती म्हणे. "अच्छे आदमी हैं."

झालं! त्याचंही कौतुक तिचंच. बघा, बाईचं मन केवढं मोठं! हे कानावर आलं की भय्यासाहेबांच्या अंगाची लाही लाही होई. त्यांना वाटे, ही एकदा हरली पाहिजे. फक्त एकदा. पडलेलं तोंड घेऊन घरी आली पाहिजे. मग आपण स्वतः तिला चहा करून देऊ, समजूत घालू, वाटल्यास पाठीवरून हातही फिरवू. पण आधी हरू दे.

मतदानाला दोघं एकाच स्कूटरवर गेले. रांगेत ती पुढे, हे मागे. ती झटकन मत देऊन बाहेर पडली. हे आत गेले. मशीनवर यांचं नाव वर होतं, तिचं बरंच खाली. किती वेळ बघत उभे राहिले कोण जाणे. टेबलापाशी बसलेला मास्तर वैतागून म्हणाला, "भाईसाहब, सो गए क्या?" तेव्हा कुठे मशीन वाजलं.

मतमोजणीच्या दिवशी विनोदिनी दणदणीत मतांनी निवडून आली. बाहेर ढोल घुमायला लागले. प्रसाद आतून आकडे घेऊन आला तोच पोट धरून हसत.

"जिजाजी, एक! अहो, सगळ्या वॉर्डात एक मत! चला, निदान स्वतःला तरी दिलंत!"

"भाभीजी ने भी नहीं दिया!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि झाडून सगळे हसले.

भय्यासाहेबांना हसू आलं नाही. रागही आला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. गर्दीतून वाट काढत ते गुलालानं माखलेल्या विनोदिनीपाशी गेले आणि तिच्या कानाशी वाकले.

"विनू, मी मत तुला दिलं होतं गं."

ती हार काढता काढता थांबली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "आणि मी आपली धरून चालले होते, तुमची दोन तरी होतील."