उन्हाचं पाणी

रतनला सांगून-विचारून करायची रीतच उरली नव्हती. सकाळी आईचे, दगडाबाईचे, सहा तांब्याचे हंडे परस्पर चुलीशी नेऊन ठेवले आणि मजुरांसमोर तिलाच हुकूम सोडला, "आये, पानी खळखळ उकळ. दहाला साहेब येनार हाय." कसला साहेब, कशाला पाणी, एक शब्द नाही. बिल्डर झाल्यापासून त्याची जीभ आखडली होती. दगडाबाईला वाटलं, नव्या बिल्डिंगीचा जिना धुवायचा असेल. तिनं चूल पेटवली.

कोलशेतचं मिठागर बंद पडल्यावर अकरा घरांनी आपली जागा रतनच्या बिल्डिंगीला दिली होती. रतनच्या नव्हे, दगडाबाईच्या शब्दावर दिली होती. त्याला दोन पावसाळे झाले. अकरा घरं खाडीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि म्हणून दगडाबाईही तिथंच. रतन मात्र कल्याणला, ब्लॉकात. शेजारच्या हौसाबाईच्या सुनेचे, नंदाचे, दिवस भरत आले होते. मिरग पंधरा दिवसांवर आला होता आणि शेडचे पत्रे गळके होते.

बिल्डिंग उभी होती, राहायचा दाखला तेवढा अडला होता. सरकारनं कायदा काढला होता म्हणे, वीज वाचवायची. गच्चीवर उन्हानं पाणी तापवणारी पेटी बसवा, तरच दाखला. लोक फिदीफिदी हसले. दगडाबाई हसली नाही. तिनं जन्मभर खाडीच्या पाण्याचं मीठ उन्हाकडूनच करून घेतलं होतं. "सरकारला आत्ता कळलं," ती म्हणाली. "ऊन फुकट राबतं. बसू दे पेटी. थांबू आपन."

दहाच्या सुमाराला हंडे वर जाताना दिसले. जिना कोरडाच होता. गुडघ्यांवर हात देत दगडाबाई चार मजले चढली.

गच्चीवर एक पत्र्याची टाकी, तिला खाली नळ. मजूर तिच्यात शेवटचा हंडा ओतत होता. बाजूला काचेची पेटी उन्हात तिरपी ठेवलेली. दगडाबाईनं काचेला नाक लावलं. आत नळी नाही, काही नाही. काळा ऑइलपेंट मारलेली फळी. त्याचा वास घशात बसला. ती पचकन थुंकली.

तेवढ्यात दाखल्याचा साहेब आला. नळाखाली बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं. "वा! चांगलंच तापलंय." त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"ते चुलीवर तापलंय," दगडाबाई म्हणाली. "मीच तापवलं."

साहेबानं वर बघितलंसुद्धा नाही. "मावशी, पाणी गरम आहे का, एवढंच कागदावर विचारलंय."

रतन तिच्या कानाशी आला. "गप ऱ्हा ना, आये. नंदाला घर नको का? सगळे असंच करतात."

हौसाबाई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. मागे शेडमधल्या बाया. दगडाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नळ पुरता सोडला. वाफाळतं पाणी गच्चीभर पसरलं. साहेबानं बूट वाचवायला एक पाय उचलला. "बंद करा हो," तो म्हणाला. कुणी हललं नाही. सहा हंडे संपायला किती वेळ लागतो? नळ खाकरला, दोनदा ओकला आणि कोरडा पडला.

एवढ्या साक्षीदारांसमोर सही करायची साहेबाची छाती झाली नाही. त्यानं टोपण लावलं आणि जिना उतरला.

"झालं समाधान?" रतन ओरडला. "अकरा घरं परत पत्र्याखाली! एका पेटीपायी!"

दगडाबाईनं पदरानं हात पुसले. पोटच्या पोराकडे तिनं पाहिलं, ते सडक्या मासळीकडे पाहावं तसं.

"पेटीला रडतोस व्हय? पेटी दिसते, म्हनून मी बघितली. खांबाच्या पोटात काय भरलंस, ते कुनी बघितलंय? चावी दे कल्याणची. नंदा तुझ्या ब्लॉकात बाळंत होईल. तू हितं तळमजल्याला झोप, रोज रात्री, पावसाळाभर. दसऱ्याला जिता उठलास, तर आमी ऱ्हायला येऊ."