कोरी चकती

साप पकडणारा भिकन सापांची तोंडं कापसाच्या काडीनं पुसून आणायचा आणि चिकलठाण्याच्या प्रयोगशाळेत मी त्यातले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे. मग त्यांच्यावर सहा औषधांच्या सहा चकत्या ठेवायचे. औषध लागू पडलं, की चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि तिथं स्वच्छ गोल दिसतो.

तीन गावांचे तीन साप झाले, पण गोल एकाही चकतीभोवती नाही. औषधं वारंवार मिळाली, की जंतू त्यांना सरावतात; पण रानातल्या सापांना ही औषधं कुणी पाजली होती? मला भिकनचाच संशय आला.

"एकच साप पुसून तिन्ही नळ्या भरल्यास ना?"

"आईची आण, म्याडम. आता तुमीच पुसा."

त्यानं करमाडची धामण पिशवीतून काढली. ती त्याच्या मनगटावर निवांत होती. मी जवळ जाताच तिनं अंग आखडून तोंड फिरवलं.

"हे जनावर तर कुनालाच भीत नाय," तो पुटपुटला.

तिचं तोंड मीच पुसलं. या वेळी पडताळ्यासाठी औषध नसलेली सातवी, कोरी चकतीही ठेवली. चिमटा सापडेना, म्हणून ती नुसत्या बोटानं ठेवली.

दुसऱ्या दिवशी भिकनसमोरच बशी उघडली. सहाही औषधांना जंतू अगदी खेटून वाढले होते. कोऱ्या चकतीभोवती मात्र रुपयाएवढा स्वच्छ गोल होता.

"ही कशानं ठेवली व्हती?"

"बोटानं."

भिकननं पिशवीचं तोंड आवळलं आणि तो दारापर्यंत मागं सरकला.

"म्याडम, तुमी तुमचं गाव कंचं सांगितलं व्हतं?"